सड्यावरच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या, सपाट पठारावरच्या) वनस्पती एकमेकींच्या नात्यातल्या असतात का? चिऱ्यासाठी (बांधकामाच्या जांभ्या दगडासाठी) सडा खणायचा झाल्यास त्या दुसरीकडे हलवता येतात का?

नाते असते, पण सरसकट नाही. गेंद (पांढऱ्या गोल बोंडांची बुटकी वनस्पती), गवते आणि लव्हाळे ही वेगवेगळी कुळे असली तरी एकाच गणातली (गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट), आणि सडा भरतो तो मुख्यतः त्यांनीच. उलट सीतेची आसवे आणि दवबिंदू ओल्या कातळावर शेजारी-शेजारी वाढतात, दोन्ही कीटकभक्षी. पण पहिली तुळस-तिळाच्या गणातली, दुसरी राजगिऱ्याच्या. जांभ्यात नत्र तुटपुंजे, स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने जखडलेला. त्यामुळे किडे धरायची सोय दोघींनी स्वतंत्रपणे केली: एकीने चिखलात बुडालेल्या फुग्यांनी शोषून, दुसरीने पानावरच्या चिकट थेंबांनी.

खरपुड्यांचे (कंदातून उगवणाऱ्या, नळीसारख्या फुलांच्या सेरोपेजियांचे) वेगळे. पश्चिम घाटातल्या जातींच्या डीएनएत फरक फार थोडा, म्हणजे त्या अलीकडेच वेगळ्या झालेल्या. त्यातल्या काही मोजक्याच सड्यांवर सापडतात.

सड्यावरच्या वनस्पतींचे नाते मोजायचे तर प्रत्येक जातीचे एक पान सिलिका जेलमध्ये वाळवा (कंद उपटू नका, पान पुरते), आयटीएस आणि मॅट-के हे डीएनएचे भाग वाचून वंशवृक्ष मांडा. मग परिसरातल्या यादीतून तेवढ्याच जाती 999 वेळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलून त्यांच्या नात्याशी सड्यावरच्या जातींच्या नात्याची तुलना करा. इथेच बहुतेकांचे गणित चुकते. यादीत घाटातले सगळे वृक्ष घातले, तर जांभूळ-अंजनी सड्यावर नाहीत एवढ्यानेच सडा एका गोतावळ्याचा दिसतो. यादी त्याच भागातल्या पावसाळी शाकीय (लाकडी खोड नसलेल्या) वनस्पतींचीच हवी.

टिकण्याचे मार्ग तीन. गेंद आणि सीतेची आसवे पाऊस सरता-सरता बी टाकून मरतात. खरपुडी, दीपकाडी जमिनीखाली कंदात उन्हाळा काढतात. रत्नागिरीकडच्या कातळांवर दीपकाडी जूनच्या पहिल्या पावसातच पांढरी फुलते. काही गवते पार वाळून पहिल्या सरीनंतर पुन्हा हिरवी होतात. माती कुठे बोटभर, कुठे मुळीच नाही. त्यामुळे मोठे झाड मूळ धरत नाही आणि सावली पडत नाही. या वनस्पती तिथे टिकल्या त्या याच जोरावर.

म्हणून हलवण्याबद्दल सरळ सांगतो: हलवता येत नाहीत. बागेच्या खोल, खतावलेल्या मातीत कंद सुप्तावस्थेत ओला राहतो आणि कुजतो. सीतेच्या आसवांना मुळेच नाहीत, त्यांना कातळावरून झिरपणारा पाण्याचा पातळ थर लागतो. खरपुडीच्या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेले चिलट केस कोमेजेपर्यंत अडकते आणि सुटताना परागपुंज (परागकणांचे गोळे) घेऊन जाते. कुंडीतली खरपुडी फुलेल, पण ते चिलट तिथे नसेल तर शेंग धरणार नाही. ‘पुनर्रोपण केले’ असे अहवालात लिहिणाऱ्यांनी चौथ्या पावसाळ्यात त्या जागी शेंगा आणि नवी रोपे मोजून दाखवावीत. पहिल्या वर्षी कंदातल्या साठ्यावर काहीही उगवते.

त्याहून जास्त राग येतो तो सड्याला पडीक म्हणून तिथे झाडे लावणाऱ्यांचा. कातळात सुरुंग लावून खड्डे घ्यायचे, ट्रकने माती आणून भरायची आणि काजू-आंबा लावायचा, हे कोकणात राजरोस चालते. आणलेल्या मातीबरोबर तण येते, खळग्यातले पाणी वेगळ्या वाटेने निघून जाते, आणि कलमाच्या सावलीत गेंद उगवत नाही. हिरवे वाढले म्हणून टाळ्या मिळतात, पण सड्याची वनस्पती तिथे संपलेली असते. खणायचेच असेल तर निदान खळगे आणि झऱ्याच्या वाटा असलेला भाग अखंड सोडा, त्यात माती टाकू नका, गाडी घालू नका.

दोन गोष्टी राहिल्या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बागेत खरपुड्या जोपासल्या आहेत आणि ते काम मोलाचे आहे; पण तो राखीव साठा आहे, सड्याची भरपाई नव्हे. आणि सडा राखायचा म्हणजे गुरे पूर्ण बंद करा असेही नाही. पिढ्यान्‌पिढ्या चराई होत आलेल्या सड्याला कुंपण घातले तर उंच गवत माजून बुटक्या जातींवर सावली धरू शकते. मात्र चराई किती हवी, हे प्रत्येक सड्यावर वेगळे ठरवावे लागेल.