ग्रँड कॅन्यनला आरव्ही नेतोय, एका दिवसात नदी गाठून परत येता येईल का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही फिनिक्सला राहतो. मे संपता संपता चार दिवस ग्रँड कॅन्यनच्या साऊथ रिमला (दरीच्या दक्षिण काठाला) जायचं ठरतंय, भाड्याची 25 फुटी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन. सोबत 10 वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले माझे आई-बाबा आहेत, आईचे गुडघे दुखतात. कॅम्पग्राउंड कुठलं घ्यावं? आणि मी, बायको आणि मुलगी एका दिवसात कोलोरॅडो नदीपर्यंत उतरून वर येऊ शकू का? आम्ही दोघांनी सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत.

उत्तर : आधी नदीचं सांगते, कारण त्याचीच मला काळजी वाटली. नाही, एका दिवसात नदी करू नका, आणि मुलीला घेऊन तर अजिबातच नको. पार्कचे रेंजर स्वतः हेच कळकळीने सांगतात. गड चढताना दम आधी लागतो आणि जमत नसेल तर अर्ध्यातून खाली वळता येतं, इथे नेमकं उलटं आहे, सकाळी ताजेतवाने असताना उतार लागतो, पाय आपोआप पळतात आणि सगळा चढ उन्हात, थकल्यावर उरतो. रिम साधारण 7000 फुटांवर आहे आणि नदी तिथून जवळजवळ साडेचार हजार फूट खाली, म्हणजे जितकं खाली जाल तितकं तापत जातं. रिमवर छान हवा असते तेव्हा तळाशी पारा 38 अंशांच्या वर गेलेला असू शकतो.

त्यापेक्षा ब्राइट एंजल ट्रेलवर दीड मैलावरच्या रेस्टहाऊसपर्यंत जा. जाऊन-येऊन 3 मैल, पण उतार 1100 फुटांचा आहे, मुलीला पुरेसा होईल. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा आणि दमायच्या आधीच मागे फिरा. पहाटे उजाडल्या उजाडल्या निघा, 10 ते 4 या वेळात चढावर असायचं नाही. दुसऱ्या दिवशी साऊथ कायबाब ट्रेलने ऊ-आह पॉइंटपर्यंत जा, एका बाजूने मैलभरसुद्धा नाही पण तिथे उभं राहिलं की दरी एकदम चारी बाजूंनी उघडते, मला तो टप्पा फार आवडतो. त्या ट्रेलवर पाणी कुठेही मिळत नाही, सावलीही नाहीच म्हणा. आणि नुसतं पाणी ढोसू नका हं, घामातून मीठ जातं, पाणी पीत राहिलं आणि खाल्लं काहीच नाही तर रक्तातलं सोडियम घसरून माणूस गंभीर आजारी पडतो. चिवडा, खारे दाणे, काहीतरी खारट खिशात ठेवा आणि भूक नसली तरी खात राहा. खेचरं आली तर दरीच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं आणि त्यांना हाकणारा सांगेल तसं करायचं.

आता गाडी. मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये 30 फुटांपर्यंतची गाडी चालते, तुमची बसेल, झाडीही मस्त आहे, पण गाडीला वीज-पाणी जोडून घ्यायची सोय (हुकअप) नाही आणि जनरेटर ठरवून दिलेल्या वेळातच लावता येतो. शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी, सांडपाणी सगळं जोडून मिळतं. तुमच्यासोबत वयस्कर माणसं आहेत, त्या उंचीवर मे अखेरीसही रात्री चांगली थंडी पडते, हीटर रात्रभर बिनघोर चालावा म्हणून मी ट्रेलर व्हिलेजच घेईन. मॅदरच घेतलंत तर येताना पाण्याची टाकी भरून आणा आणि निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, ग्रे (सिंक-शॉवरच्या पाण्याची) आणि ब्लॅक (संडासाची) टाकी रिकामी करा, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. मॅदरचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर सहा महिने आधी उघडतं आणि भराभर संपतं, त्यामुळे तारखा आजच पक्क्या करा.

एकदा आरव्ही लावली की ती हलवू नका. पार्कमधली शटल बस फुकट आहे, आणि साऊथ कायबाबच्या सुरुवातीला तर खासगी गाडी वर्षभर नेताच येत नाही, हर्मिट रोडवरही मार्च ते नोव्हेंबर बंदीच.

आई-बाबांना दरीत उतरायची गरजच नाही. रिम ट्रेलचा गावाजवळचा भाग पक्का आणि बराचसा सपाट आहे, त्यातला यावापाई जिऑलॉजी म्युझियमपासूनचा ट्रेल ऑफ टाइम त्यांना जरूर दाखवा. तिथे चालताना प्रत्येक मीटर म्हणजे 10 लाख वर्षं, धातूच्या खुणा बसवल्यात आणि त्या त्या काळातले खरे खडक मांडलेत, हात लावून बघता येतात. आजी-आजोबा आणि नात, तिघं मिळून सकाळ आरामात घालवतील. थकवा आला की जवळच्या स्टॉपवरून शटल पकडायची.

शेवटचं एक, पार्कला पाणी पुरवणारी पाइपलाइन 1960च्या दशकातली आहे आणि वारंवार फुटते, त्यामुळे ट्रेलवरचे नळ कधीही बंद असू शकतात. आदल्या संध्याकाळी व्हिजिटर सेंटरला विचारा, आणि नळ चालू आहेत म्हणाले तरी दिवसभराचं पाणी पाठीवर घेऊनच निघा.