फाइव्ह फोर्क्स : पाच रस्त्यांच्या नाक्यावरची लढाई (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तरेची राज्ये विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये या लढ्यात, 1 एप्रिल 1865 ला फाइव्ह फोर्क्सची लढाई झाली. नकाशात तिथे ना शहर दिसते, ना किल्ला. मग नुसत्या नाक्यासाठी एवढे सैन्य का झुंजले?

उत्तर : नाक्यापेक्षा त्याच्या उत्तरेला काय होते ते आधी बघा. व्हर्जिनियातल्या या नाक्यावर पाच वाटा मिळतात. व्हाइट ओक रोड पूर्व-पश्चिम जातो, म्हणजे त्याच्याच दोन वाटा झाल्या. बाकीच्या तिघींपैकी फोर्ड्स रोड उत्तरेकडे निघतो आणि साधारण 3 मैलांवर, म्हणजे 5 किलोमीटरच्या आत, साउथ साइड रेल्वेला भिडतो. दक्षिणेच्या ताब्यातल्या पीटर्सबर्ग शहराला जून 1864 पासून उत्तरेच्या फौजेचा वेढा पडला होता. दक्षिणेकडून येणारी वेल्डन रेल्वे उत्तरेच्या फौजेने ऑगस्ट 1864 मध्ये तोडली. त्यानंतर दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या उपाशी, थकलेल्या सैन्याला थेट पीटर्सबर्गपर्यंत दाणागोटा पोचवणारा लोहमार्ग हा एकच उरला. शहर सोडायची वेळ आली तर पश्चिमेला निघायची वाटही तीच. नाका गेला की रेल्वे जाणार, रेल्वे गेली की पीटर्सबर्ग, आणि पीटर्सबर्गबरोबर दक्षिणेची राजधानी रिचमंड.

त्यात 29 मार्चच्या संध्याकाळपासून पाऊस लागला. आजूबाजूला पाइनचे दाट रान आणि खाली चिखल. गाडे रुतू लागले, तेव्हा ओंडके आडवे टाकून रस्ते बांधावे लागले. अशा मुलखात तोफा आणि रसदीचे गाडे रस्ता सोडून चालत नाहीत, म्हणून रस्ते जिथे मिळतात ती जागा हातात असणे महत्त्वाचे.

प्रश्न : नाका राखणारे दक्षिणेचे जनरल पिकेट यांचे सैनिक मोर्चे बांधून बसले होते. तरी संध्याकाळच्या आत फळी कशी फुटली?

उत्तर : मोर्चे खरे होते, पण घाईत उभे केलेले. 31 मार्चला पिकेट यांनी डिनविडी कोर्ट हाउस या गावाजवळ उत्तरेचे जनरल शेरिडन यांच्या घोडदळाला मागे रेटले होते. रात्री कळले की उत्तरेचे पायदळ आपल्या डाव्या बगलेमागे येऊ शकते, म्हणून ते नाक्यावर परतले. झाडे तोडून ओंडके रचले, पुढे चर खणला आणि त्यातली माती ओंडक्यांवर टाकली. ही फळी व्हाइट ओक रोडच्या कडेने पावणेदोन मैल पसरली होती.

असा आडोसा समोरून येणारी गोळी अडवतो. बाजूने येणारी गोळी मात्र आडोशाच्या आतून, रांगेच्या लांबीने जाते. म्हणून फळीचे टोक नदी, दलदल किंवा आपल्याच दुसऱ्या तुकडीला टेकवायचे असते. इथे डावे टोक कशालाच टेकलेले नव्हते. ली यांच्या मुख्य मोर्च्यापर्यंत मैलोन्‌मैल मोकळी जागा होती आणि तिच्यावर विरळ घोडदळाची नजर होती, एवढेच. उपाय म्हणून ते टोक काटकोनात मागे वळवले, पण वळवलेला भाग होता सुमारे दीडशे यार्डांचा. पूर्ण डिव्हिजन (काही हजार सैनिकांची तुकडी) अंगावर आली तर इतक्या आखूड बाजूवर बंदुका तरी किती मावणार?

शेरिडन यांचा बेत सरळ होता. घोडदळाने पायउतार होऊन समोरची फळी गुंतवून ठेवायची आणि जनरल वॉरन यांच्या पाचव्या कोअरने, म्हणजे तीन डिव्हिजनांच्या 12 हजारांवर पायदळाने, त्या कोपऱ्यावर तुटून पडायचे. पायउतार झालेल्या घोडदळात दर चौघांतला एक जण घोडी धरून मागे थांबतो, म्हणजे चौथाई बंदुका कमी होतात. ती उणीव एकदा भरून सात गोळ्या झाडणाऱ्या स्पेन्सर कार्बाइनने (आखूड बंदुकीने) भरून काढली.

प्रत्यक्षात नकाशाने घात केला. त्यात दाखवला होता त्याहून तो कोपरा कित्येकशे यार्ड पश्चिमेला होता. दुपारी सव्वाचारच्या सुमारास तीन डिव्हिजन निघाल्या आणि रस्ता ओलांडला, तर समोर मोर्चा नाहीच. डावीकडून गोळीबार झाला, तेव्हा एअर्स यांची डिव्हिजन डावीकडे वळून कोपऱ्यावर चढली. क्रॉफर्ड यांची रानात पुढे भरकटली, पण वळून आली ती थेट फोर्ड्स रोडवर, शत्रूच्या पाठीमागे! चुकलेल्या वाटेनेच परतीचा रस्ता बंद केला. दक्षिणेचे दोन हजारांवर सैनिक पकडले गेले. नाक्यावरच्या तोफा सांभाळणारे पेग्रम जबर जखमी होऊन दुसऱ्या दिवशी वारले. वय अवघे 23.

प्रश्न : सेनापती मासे खायला गेले म्हणून लढाई हरली, हे खरे का?

उत्तर : गेले होते हे खरे. दक्षिणेच्या घोडदळाचे जनरल रॉसर यांनी शॅड जातीचे मासे भाजायचा बेत केला होता. तिथे हॅचर्स रन या ओढ्याच्या पलीकडे पिकेट आणि घोडदळप्रमुख फिट्झह्यू ली जाऊन बसले, आणि आपण कुठे आहोत हे मागे कुणाला सांगितले नाही. दाट रानामुळे गोळीबाराचा आवाजही नीट पोचला नाही. त्यांच्या माघारी घोडदळाचे जनरल रूनी ली (सेनापती ली यांचे पुत्र) सर्वांत ज्येष्ठ होते, पण सूत्रे आपल्याकडे आहेत याचा त्यांना पत्ताच नव्हता. म्हणून डावीकडे वेळेवर कुमक गेली नाही. हा गुन्हा मोठाच. तरीही सुमारे 10 हजारांसमोर 20 हजारांवर सैन्य होते आणि बगल उघडी होती. पिकेट जागेवर असते तर फार तर अंधार पडेपर्यंत टिकाव लागला असता, असे आमचे मत आहे.

प्रश्न : जिंकूनही वॉरन यांना का काढले?

उत्तर : ते ढिलाई करतात, असा शेरिडन यांचा ग्रह झाला होता. उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांनी वॉरन यांना काढायचा अधिकारही त्यांना आधीच दिला होता. वॉरन भरकटलेल्या डिव्हिजनला वळवायला स्वतः गेले, म्हणून ऐन वेळी नजरेआड होते. त्याच संध्याकाळी त्यांना पदावरून दूर केले. हा धडधडीत अन्याय होता. 1879 मध्ये चौकशी बसली आणि तिने बहुतांश आरोप खोडून काढले. अहवाल 1882 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. वॉरन ऑगस्टमध्येच वारले होते.

प्रश्न : या लढाईचा मुंबईशी काही संबंध जोडता येतो का?

उत्तर : येतो, कापसातून. उत्तरेच्या नाकेबंदीमुळे अमेरिकेचा कापूस अडला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअरचा सट्टा माजला. फाइव्ह फोर्क्सनंतर 2 एप्रिलला ग्रँट यांनी सगळ्या आघाडीवर हल्ला केला, साउथ साइड रेल्वे तुटली, रात्री रिचमंड रिकामे झाले आणि 9 एप्रिलला सेनापती ली शरण आले. बातमी मुंबईला पोचली तसे कापसाचे भाव कोसळले. शेअरचे मुदतीचे सौदे 1 जुलै 1865 ला चुकते करायचे होते. त्या दिवशी अनेक पेढ्यांकडे द्यायला पैसाच नव्हता.