मोबाइलशी झटापट नको

प्रश्न: एका अ‍ॅपवर रोज अर्ध्या तासाची मर्यादा लावली आहे. वेळ संपली की मी 'आणखी १५ मिनिटं' दाबते आणि मग स्वतःवरच चिडते. ताओ विचारात, म्हणजे निसर्गक्रमाने चालायला सांगणाऱ्या प्राचीन चिनी तत्त्वज्ञानात, यावर काही उपाय सापडेल का?

उत्तर: मर्यादा आली, पण ओढ तशीच राहिली. सूचना येते तेव्हा मन पुरतं रमलेलं असतं, म्हणजे नेमकं निग्रह लुळा पडण्याच्या वेळी तुम्ही त्याच्याकडून काम मागता. 'ताओ ते चिंग' या ताओ विचाराच्या मूळ ग्रंथाच्या ४८व्या प्रकरणात म्हटलंय की विद्येच्या मार्गावर रोज भर पडते, ताओच्या मार्गावर रोज घट होते. तेव्हा नवं बंधन घालण्यापेक्षा ओढणारी एकेक गोष्ट कमी करत चला.

आधी नोटिफिकेशन. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपवार यादी असते. फोन कॉल आणि थेट तुम्हाला आलेले निरोप ठेवा, बाकी बंद. आठवडाभर एवढंच पुरे. मग ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंद करा. त्यानंतर स्क्रीनवरचे रंग काढून ती करड्या रंगाची करा. 'पाच रंग डोळे आंधळे करतात' हे १२व्या प्रकरणातलं वाक्य इथे शब्दशः लागू पडतं. आयफोनमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ', त्यात 'कलर फिल्टर्स', त्यात 'ग्रेस्केल'. मात्र नकाशावरची लाल-हिरवी वाहतूक मग ओळखू येत नाही, आणि त्या वैतागात बरेचजण ग्रेस्केल कायमचं काढून टाकतात. म्हणून 'अ‍ॅक्सेसिबिलिटी शॉर्टकट'मध्ये 'कलर फिल्टर्स' निवडून ठेवा. बाजूचं बटण तीनदा दाबलं की रंग परत येतात, काम झालं की पुन्हा तीनदा दाबा.

सगळं एकाच दिवशी मात्र करू नका. रिकामा वेळ अंगावर येतो आणि काढलेली अ‍ॅप्स दोन दिवसांत परत येतात.

प्रश्न: मग स्मार्टफोन सोडूनच द्यावा का?

उत्तर: नाही. यासाठी च्वांगत्झू या प्राचीन चिनी ताओ विचारवंताच्या ग्रंथातल्या माळ्याचा दाखला नेहमी देतात. तो घड्याने पाणी घालतो आणि पाणी उपसायचं तरफेचं साधन नाकारतो, कारण यंत्रामागोमाग मनही यंत्रासारखं होतं. पण ही गोष्ट पुढेही आहे: तिथे चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस म्हणतो, याला एक बाजू कळली, दुसरी नाही. हा भाग सहसा कुणी सांगत नाही. त्याच ग्रंथातल्या खाटकाची सुरी १९ वर्षं धार टिकवते, कारण ती हाडावर आपटत नाही, सांध्यातल्या फटीतून फिरते. तुम्हीही फोनशी असंच वागा: हातात घेण्याआधी काम ठरवा, ते झालं की ठेवून द्या. पहिल्या पानावर फोन, नकाशा, कॅमेरा एवढंच असू द्या. बाकीचं अ‍ॅप हवं असेल तेव्हा नाव टाइप करून शोधा.