कापडाला कात्री लागायच्या आधी बोला

प्रश्न: डिसेंबरमध्ये धाकट्या दिराचं लग्न आहे, पार्ल्याला. आम्ही न्यू जर्सीहून दहा दिवसांसाठी येतोय. मोठ्या जाऊबाईंनी सगळ्या घराला एकाच पैठणी ब्रोकेडचा ‘फॅमिली कॉम्बो’ ठरवलाय. बायकांना साड्या, पुरुषांना कुर्ते, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला परकर-पोलकं, सहा वर्षांच्या मुलाला जाकीट. आमची मापं मागितली आहेत. मला हा बँडवाल्यांसारखा एकसारखा पोशाख अजिबात आवडत नाही. पण ‘तिकडे जाऊन शेफारली’ हेही ऐकायचं नाहीये. काय करू?

उत्तर: आवडत नाही हे कारण पुरेसं आहे, त्याचा अपराध वाटून घेऊ नका. मात्र ते कधी सांगता यावर पुढचं सगळं ठरतं. मुंबईत मीटरवर घेतलेलं कापड तागा कापला की दुकानदार सहसा परत घेत नाही, आणि शिंपी मास्तरांच्या टेबलावर गेलं की विषयच संपला. म्हणून आवडीनिवडीची चर्चा नंतर. आधी एवढंच विचारून घ्या: कापड घेतलं का? घेतलं असेल तर शिवायला टाकलं का?

हिशेब समोर ठेवा. चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) कापडात तुमच्या यजमानांच्या कुर्त्याला अडीच मीटर, मुलाच्या जाकिटाला पाऊण मीटर आणि मुलीच्या परकर-पोलक्याला साधारण तीन मीटर लागतं. म्हणजे सव्वासहा मीटर, शिवाय तुमची साडी, अस्तर आणि चार शिलाया. दोन तासांच्या फोटोंसाठी एवढा खर्च, तोही तुम्हाला नको असलेल्या गोष्टीवर.

फोन तुम्ही करू नका, यजमानांना करू द्या. ते त्यांच्या वहिनींशी बोलतील तेव्हा ते घरातलं बोलणं राहील. तेच तुम्ही बोललात तर दोन जावांचा मामला होतो आणि सासूबाईंना पंच व्हावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर तर एक अक्षरही नको. तिथे चौघांनी अंगठे दाखवले की जाऊबाईंना मागे फिरणं अवघड होतं. बोलायचं ते एवढंच: “वहिनी, रंग तुम्ही म्हणाल तो. पण आमचे पूर्ण सेट शिवू नका, पोरं त्या कापडात दोन तास टिकणार नाहीत. हिचं ब्लाऊज आणि आमची उपरणी तेवढी त्याच कापडाची करूया. पैसे आजच पाठवतो.” नुसता नकार दिला की त्यावर वाद होतो. पर्याय दिला की बोलणं मीटरवर येतं.

‘पोरं टिकणार नाहीत’ ही सबब नाही. यंत्रमागावरचं ब्रोकेड उलटं करून बघा. मोर किंवा आसवलीची वेल समोरून भरीव दिसते, पण मागे जरीचे मोकळे धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत लोंबत गेलेले असतात. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणतात, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. अस्सल-नक्कल ओळखायची ही खूण आहेच, पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: ते मागचे धागे थेट अंगाला लागतात. अंगठीत अडकतात, मानेला टोचतात, काखेत तर काचच लावल्यासारखं होतं. त्यात कापड पॉलिस्टरचं असेल तर घाम आतच राहतो. शंका असेल तर कडेचा एक धागा जाळून बघा. वितळून कडक गोळी झाली की पॉलिस्टर. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरली की रेशीम. डिसेंबर असला तरी मुंबईत दुपारी पारा तिशीच्या वर असतो, आणि हॉलचा एसी मुहूर्ताच्या गर्दीत नावालाच.

आता पर्याय नीट बसवू. उपरण्याला माप लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. सव्वादोन मीटर कापड घेऊन लांबीत मधोमध कापलं की बावीस इंच रुंदीची दोन उपरणी निघतात. मुलाचं लांबीला कमी करा, नाहीतर तो त्यात पाय अडकून पडेल. ब्रोकेडची कड भराभर उसवते, नुसत्या पिकोवर ती टिकत नाही. चारही बाजूंनी अर्धा इंच दुमडून शिलाई मारायला सांगा. खाली पांढरा किंवा मोतिया रंगाचा सुती कुर्ता. ब्लाऊजला एक मीटर आणि मुलीच्या हातातल्या बटव्याला तीस सेंटीमीटर. सगळं मिळून साडेतीन-पावणेचार मीटरमध्ये भागतं आणि फोटोत घर एकत्र दिसतं.

साडी मात्र तुमची. आईची जुनी पैठणी किंवा शालू असेल तर आत्ताच बाहेर काढा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी त्या घडीवरच चिरते. आतल्या बाजूला घडीच्या दोन्ही कडांना धरून हलकेच ताणून बघा. करकर आवाज आला किंवा धागे विरळ झाले तर ती नेसू नका, नमस्काराला वाकताना फाटेल. धड असेल तर घड्या बदलून ठेवा आणि हातसामानात आणा.

रंग जुळवताना फसगत होते ती फोनमुळे. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली आमसुली रंग डाळिंबी दिसतो आणि राणी रंग लाल. जाऊबाईंना कापड खिडकीशी, दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढायला सांगा. तुम्हीही साडीचा फोटो तसाच काढा. मग दोन्ही एकाच फोनवर शेजारी-शेजारी बघा. हुबेहूब जुळवायच्या भानगडीत पडू नका. जवळची पण वेगळी छटा चुकल्यासारखी दिसते. त्यापेक्षा काठातला दुसरा रंग उचला. कापड चिंतामणी रंगाचं असून काठ कुसुंबी असेल तर साडी कुसुंबी घ्या.

ब्लाऊजचं माप नव्याने घेऊन पाठवण्यापेक्षा अंगाला बरोबर बसणारं जुनं ब्लाऊज टेबलावर सपाट पसरा, वर टेप ठेवा आणि फोटो काढा. छाती, कंबर, खांदा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), बाहीची लांबी आणि गोलाई, पुढचा गळा, मागचा गळा. ही आठ मापं लिहून द्या आणि ‘सपाट माप’ असं आठवणीने लिहा, नाहीतर अठरा इंच छाती बघून मास्तर चक्रावतील. दोन्ही बाजूंना दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, मागा, आणि अस्तरातही. इथेच बहुतेक घोळ होतो: वरच्या कापडात माया सोडलेली असते, पण अस्तर शिलाईला लागून कापलेलं, त्यामुळे आयत्या वेळी उसवता येत नाही. अस्तर सुती घ्यायला लावा. ते आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच वापरायचं. नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं ब्रोकेड फुगून सुरकुत्या पडतात.

समजा उशीर झाला आणि मुलांचे कपडे शिवायला गेलेच आहेत. मग भांडू नका, दुरुस्ती करून घ्या. जाकिटाला आणि पोलक्याला पूर्ण सुती अस्तर, मुंढ्याला आणि गळ्याला आतून मऊ सुती पट्टी. मापं सप्टेंबरात दिली असतील तर लांबीत निदान एक इंच जास्त ठेवा, या वयाची मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. विधी संपले, फोटो झाले की पंगतीला बसण्याआधी मुलाला सुती कुर्ता घाला. त्यावर कुणी काही बोलत नाही.

कॉम्बोसोबत बहुधा दागिन्यांचा सेटही असेल: ठुशी, बाजूबंद आणि नाक न टोचता लावायची प्रेसची नथ. नथ तासाभरात नाकपुडी बधिर करते, म्हणून ती फोटोपुरतीच. स्वस्त धातूत निकेल असेल आणि तुम्हाला किंवा मुलीला त्याची अ‍ॅलर्जी असेल तर मानेवर पुरळ उठतं, घामाने ते वाढतं. युरोपीय संघात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून निकेल सुटण्याची मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. रस्त्यावरच्या सेटवर असं काही लिहिलेलं नसतं. निकेल तपासायचं किट तिकडे अमेरिकेत मिळतं. त्यातलं द्रावण कापसाच्या काडीला लावून दागिन्यावर घासायचं, काडी गुलाबी झाली की निकेल आहे. मग तो दागिना साडीवर पिनेने लावायचा, गळ्यात नाही.

खरेदी इथे आल्यावर करायची असेल तर सुती कापड आणि अस्तरासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट, साड्यांसाठी दादर. मंगलदासमधली दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी रात्री उतरणार असाल तर सोमवारच धरा. शिवलेल्या कपड्यांची ट्रायल लग्नाच्या किमान तीन दिवस आधी घ्या. लग्नसराईत मास्तर ‘उद्या देतो’ म्हणतात, तो उद्या परवा उजाडतो.

आणि कापड आधीच घेऊन ठेवलं असेल तर तुमच्या वाट्याचे पैसे देऊन ते तुमच्याकडे घ्या. सव्वासहा मीटर वाया जात नाही. त्यातून दोन उपरणी, ब्लाऊज आणि बटवा काढून अडीच मीटर उरतात. सासूबाईंना विचारा, नव्या सुनेला द्यायच्या वस्तूंवर टाकायला आच्छादन हवंय का. बहुधा हवंच असतं.