डीपीकेजी ‘ही फाइल दुसऱ्या पॅकेजमध्येही आहे’ म्हणून अडतंय, फोर्स-ओव्हरराइट देऊन टाकू का?

नका देऊ. (नवख्यांसाठी: डीपीकेजी म्हणजे डेबियन-उबुंटूवर पॅकेज बसवणारं टूल, आणि फोर्स-ओव्हरराइट हा फ्लॅग त्याला दुसऱ्या पॅकेजची फाइलही दामटून बदलायला लावतो.) उत्तर लांबणार आहे, कारण याच फ्लॅगवरून माझं आमच्या टीम लीडशी वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की काही फाइल्स मूळ पॅकेजमधून काढून नव्या ‘-कॉमन’ पॅकेजमध्ये हलवल्या, कोऱ्या मशीनवर सगळं नीट बसलं आणि जुन्या मशीनवर ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ आलं. अगदी हेच आमचं झालं होतं. आमच्याकडे सर्व्हरवरचे लॉग गोळा करणारा एक एजंट होता. त्याच्या पॅकेजमध्ये कॉन्फिग तपासणारा एक छोटा प्रोग्राम होता, /यूएसआर/बिन मध्ये. पुढे रिपोर्टच्या टूललाही तोच प्रोग्राम लागायला लागला, म्हणून 1.4 पासून मी तो एजंटमधून काढून ‘-कॉमन’मध्ये टाकला. चाचणी केली ती दर वेळी नव्या कंटेनरमध्ये. तिथे जुना एजंट नव्हताच, मग भांडण कोणाशी होणार?

सर्व्हरवर एजंट 1.3 होल्डवर, म्हणजे अपग्रेड होऊ नये म्हणून अडवून ठेवलेला. ‘-कॉमन’ बसवायला गेले आणि डीपीकेजीने हात वर केले.

मी म्हटलं, कंट्रोल फाइलमध्ये (पॅकेजची माहिती आणि इतर पॅकेजशी नाती लिहितात ती) ब्रेक्स आणि रिप्लेसेस अशा दोन ओळी टाकते, दोन्हींत ‘एजंट (<< 1.4~)’, म्हणजे 1.4 च्या आधीचा एजंट. रिप्लेसेसमुळे फाइलची मालकी रीतसर नव्या पॅकेजकडे जाते. ब्रेक्समुळे जुना एजंट आणि नवं ‘-कॉमन’ एकत्र नांदू शकत नाहीत. शेवटचा टिल्ड (~) विसरू नका, नाहीतर 1.4 चा बॅकपोर्ट, म्हणजे जुन्या डेबियनसाठी बनवलेली आवृत्ती (1.4~ असं काहीतरी), 1.4 पेक्षा लहान ठरून उगाच ‘तुटलेल्यां’त मोजला जातो. लीडचं म्हणणं, ब्रेक्स लिहिलं की एजंट अपग्रेड करावा लागेल आणि तो होल्डवर आहे तो काही कारणानेच आहे. म्हणून फोर्स-ओव्हरराइट दे, फाइल तर तीच आहे. तेव्हा मी असंही सुचवलं की मग प्रोग्राम वेगळ्या नावाने ठेवू किंवा /यूएसआर/लिब खाली आमच्या पॅकेजच्या खासगी डिरेक्टरीत टाकू, तो हाताने चालवायचा कोणाला आहे? त्यावर ‘दहा मिनिटांच्या कामाला तू दोन दिवस लावतेस’ हे ऐकून घेतलं.

आणि कमांड मीच टाइप केली. हे लपवत नाही.

जबरदस्तीने ओव्हरराइट केलं की डीपीकेजी ती फाइल जुन्या पॅकेजच्या यादीतून काढून नव्याच्या नावावर करतं. पण ब्रेक्स नसल्यामुळे जुनं पॅकेज तसंच राहतं, आणि त्याला आता नव्या पॅकेजमधली फाइल लागते ही नोंद कुठेच नसते. नवं पॅकेज काढलं की फाइलही जाते, जुनी परत येत नाही. काही महिन्यांनी रिपोर्टचं टूल बंद करायचं ठरलं, कोणीतरी ते आणि ‘-कॉमन’ काढलं आणि त्याच्याबरोबर एजंटचा प्रोग्रामही गेला. एजंट बंद. सगळ्यात वाईट म्हणजे डीपीकेजीला विचारलं तर एजंट इन्स्टॉल्ड, ठणठणीत. डिपेंडन्सी पूर्ण, एपीटीची (डीपीकेजीच्या वरून पॅकेज आणणारं टूल) काही तक्रार नाही. अर्धा दिवस मी कॉन्फिगमध्ये चूक शोधत बसले. शेवटी /यूएसआर/बिन मध्ये पाहिलं तेव्हा प्रोग्राम जागेवरच नव्हता.

बैठकीत ठपका आला ‘पॅकेजिंगमधल्या चुकी’वर. पॅकेजिंग म्हणजे मी.

तुम्ही आधीच फोर्स केलं असेल तर डीपीकेजीला कॅपिटल एस देऊन त्या पाथचा मालक विचारा. उत्तरात फक्त नव्या पॅकेजचं नाव आलं आणि जुन्याचं जुनंच व्हर्जन अजून बसलेलं असेल तर तुमच्याकडेही हाच सुरुंग पुरलेला आहे. ब्रेक्स-रिप्लेसेस असलेलं नवं व्हर्जन बनवा आणि जुनं पॅकेज त्याच वेळी अपग्रेड होऊ द्या.

फाइल हलवलेली नसून दोन वेगळ्याच प्रोग्रामांची नावं योगायोगाने सारखी असतील तर ही युक्ती लावू नका. तिथे नाव बदला. डेबियनची पॉलिसी इथे चांगलीच कडक आहे: काम वेगळं आणि नाव एक असेल तर एकाने नाव बदलायचं, एकमत झालं नाही तर दोघांनीही. नोड-जेएसला डेबियनमध्ये बराच काळ ‘नोडजेएस’ नावाने राहावं लागलं, कारण ‘नोड’ नाव हॅम रेडिओच्या एका प्रोग्रामने आधीच घेतलेलं होतं. 2012 मध्ये ते भांडण थेट टेक्निकल कमिटीपर्यंत गेलं. फाइल शोधणारं ‘एफडी’ तिथे ‘एफडीफाइंड’ आहे, फाइल दाखवणारं ‘बॅट’ आहे ‘बॅटकॅट’. लोक वैतागतात, पण कोणाची फाइल गायब होत नाही.

आणि पॅकेजमधून /यूएसआर/लोकल मध्ये फाइल टाकून पळवाट काढू नका. ती जागा मशीन सांभाळणाऱ्याची आहे, पॅकेजची नाही. बाहेरचं सॉफ्टवेअर अख्खं एका जागी ठेवायचं असेल तर /ऑप्ट आहे.

हे सगळं डेब पॅकेजपुरतं. रेड हॅट-फेडोराकडच्या आरपीएममध्ये दोन पॅकेजमधली फाइल तंतोतंत सारखी असेल तर ती चालवून घेतात, त्यामुळे तिकडून आलेल्यांना आमचा त्रास कळतच नाही. (लीड तिकडूनच आले होते.) स्वतःच्या लॅपटॉपवर, उद्या पुसून टाकायच्या मशीनवर फोर्स केलंत तर मी काही बोलणार नाही. आणि दुसऱ्याच्या पॅकेजमधली फाइल मुद्दाम बाजूला सारायची असेल तर डीपीकेजी-डायव्हर्ट आहे, त्याची नोंद तरी राहते.

लीड अजूनही म्हणतात की ब्रेक्स लिहिलं असतं तर एजंट अपग्रेड करावा लागला असता. हो, लागला असता. नाहीतरी शेवटी तो बंद पडलाच ना?

जाता जाता: डीपीकेजी पहिल्या टकरीलाच थांबतं, पुढच्या फाइल्स दाखवत नाही. तुमच्या ‘-कॉमन’मध्ये मॅन पेज हलवलं असेल तर तेही जुन्या यादीशी ताडून पाहा. माझी दुसरी एरर त्याच्यावरूनच आली होती.