मित्राने त्याच नंबरचे जास्तीचे प्रिंट विकले, सांगू की गप्प बसू?

सांगलीहून एका मुलीचं पत्र आलंय. आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, पाच जणांनी मिळून पुण्यात ग्रुप शो ठरवलाय, गॅलरीचं भाडं आणि फ्रेमिंगचे पैसे उभे करायला प्रत्येकाने एक लिनोकट केला, म्हणजे लिनोलियमचा ब्लॉक कोरून त्यावरून शाईने काढलेला प्रिंट, २५ ची एडिशन, म्हणजे नंबर घातलेले मोजून पंचवीसच, ८०० रुपयाला एक. तिच्या जवळच्या मित्राचा सांगलीच्या आयर्विन पुलाचा प्रिंट लगेच संपला, मग त्याने त्याच ब्लॉकवरून अजून सहा काढले, जुनेच नंबर परत घातले आणि दोन विकलेसुद्धा. हिने विचारलं तर म्हणाला, कोणाला कळणारे, पैसे शोलाच जातायत ना. आता ग्रुपमध्ये सांगितलं तर मैत्री जाईल आणि गप्प बसलं तर झोप लागत नाही, असं ती लिहिते.

अगं, गप्प नको बसू. पण ग्रुपवर टाकूही नकोस, आधी त्याला एकट्याला गाठ.

जास्तीचा प्रिंट काढणं हा काही गुन्हा नाही, आर्टिस्ट स्वतःसाठी दोन-चार ठेवतोच, त्यावर ए.पी. म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ असं लिहितो, साधारण एडिशनच्या दहा टक्क्यांपर्यंत चालतं असं मानतात. खोटं आहे ते ७/२५, म्हणजे पंचवीसातला सातवा, असं दोनदा लिहिणं. ज्यांनी ८०० रुपये दिले त्यांनी कागद आणि शाईचे नाही दिले गं, याचे पंचवीसच आहेत या तुमच्या शब्दाचे दिले, आणि त्यातले निम्मे तरी तुमचे काका, सर, शेजारी असणार, म्हणजे ज्यांनी विश्वासावर पहिल्यांदा चित्र विकत घेतलं अशी माणसं. सांगलीत कोण कोणाच्या भिंतीवर काय लागलंय ते बघतंच, दोन घरांत एकच नंबर दिसायला वेळ लागणार नाही, आणि तेव्हा नाव पाचही जणांचं जाईल.

त्याला सांग, त्या दोघांना फोन कर, खरं काय ते सांग, पैसे परत दे किंवा पुढच्या ब्लॉकचा प्रिंट दे, आणि उरलेले चार फाड. तो वाईट मुलगा आहे असं मला नाही वाटत, भाड्याची तारीख जवळ आली की माणूस असं करतो. म्हणून तू सोबत बस फोन करताना. नाहीच ऐकलं तर मात्र बाकीच्या तिघांना सांगायचं, त्यांचंही नाव त्यात आहे.

आणि पैसे कमी पडतायत त्याचं काय, तर पुलाच्या चित्राला मागणी आहे ना, मग त्याचंच डिजिटल पोस्टकार्ड काढा, नंबर नाही, सही नाही, ३०-४० रुपयाला, पाहिजे तितकी. यात कमीपणा काही नाही. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, त्याची मूळ पेंटिंग्ज बघायला आपल्याला सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या म्युझियमला जावं लागतं पण छापील चित्रं कितीतरी आज्यांच्या देवघरात होती. फक्त पोस्टकार्ड हे पोस्टकार्ड म्हणूनच विका आणि ज्यांच्याकडे पंचवीसातला प्रिंट आहे त्यांना आधी कळवा.

तो ब्लॉक अजून त्याच्या घरी असेल तर कॉलेजात आणायला लाव, पाचही जणांसमोर त्यावर आडवी खोल रेघ मारा, म्हणजे त्यावरून परत चांगला प्रिंट निघणार नाही, आणि त्या रेघेसकट एक प्रिंट काढून पुरावा म्हणून फाईलला ठेवा. पाचही ब्लॉकचं असंच करा, फक्त त्याच्या एकट्याचं नको.