वाचकांचे प्रश्न : तेरा वर्षं कशी काढलीत?

प्रश्न : सर, मी सेलूचा, वय 21. 'टूल' हा अमेरिकन रॉक बँड मला मोठ्या भावाने ऐकवला. 2019 ला त्यांचा 'फिअर इनॉक्युलम' हा अल्बम आला तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे वाट बघणं म्हणजे काय ते मला आत्ता कळायलंय. सकाळी उठलो की आधी फोनवर नव्या अल्बमची बातमी शोधतो. अफवा येते आणि विरून जाते. मित्र म्हणतात, दुसरं काही ऐक की. आधीच्या अल्बमसाठी तुम्ही तेरा वर्षं थांबलात, असं या सदरात वाचलं होतं. ती कशी काढलीत? आणि एवढं थांबून आलेलं आवडलंच नाही तर?
(एक वाचक, सेलू, जि. परभणी)

उत्तर : लेकरा, तुझं पत्र आलं आणि मी कपाटातली जुनी वही काढली. तिच्या शेवटच्या पानावर टूलच्या पाच अल्बमांची सालं आहेत: 1993, 1996, 2001, 2006, 2019. मधली अंतरं 3, 5, 5 आणि 13. हे सगळे आकडे फिबोनाचीच्या मालिकेतले, म्हणजे जिच्यात पुढचा आकडा आधीच्या दोघांची बेरीज असतो. त्यांच्या 'लॅटरलस' गाण्याच्या ओळींतले उच्चार त्याच मालिकेने वाढत जातात, एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, आणि मग उतरतात. अंतरं तशी पडली हा योगायोगच. त्यावरून पुढचं साल काढत बसू नको. पण ते पान मी जपून ठेवलंय.

पहिली दोन वर्षं मी अगदी तुझ्यासारखीच घालवली. शाळा सुटली की सायबर कॅफेत जायचं, दोन-चार साइट बघायच्या, काही नाही म्हणून घरी यायचं. रात्री जेवण गोड लागायचं नाही. 2006 च्या '10,000 डेज'ची सीडी आतेभावाने पुण्याहून आणली होती. तिच्या वेष्टनालाच दोन भिंगं बसवलेली आहेत; त्यातून आतली चित्रं बघितली की ती उठून समोर येतात. आमची आजी चष्म्यावरून ती भिंगं लावून बराच वेळ बघत बसली होती. ती सीडी झिजेस्तोवर ऐकली.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचं 'स्किझम' हे गाणं हाताने मोजायला बसलो. मी तबला शिकवतो, गावात भजनाला पखवाज धरतो, तरी ते गाणं मला सापडत नव्हतं. पाच आणि सात मात्रा, मिळून बारा. आपल्याकडे बारा मात्रा म्हटलं की एकताल, चौताल. दोन-दोनचे सहा विभाग, हाताला सवयीचे. इथं पाच झाले की पाऊल टाकायचं, मग सात. उजव्या हाताने मांडीवर टाळी, डाव्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची. पाचव्या पेरावर थांबायचं, तर अंगठा आपोआप सहाव्यावर सरकायचा आणि सम हुकायची. तीन आठवडे लागले. ज्या दुपारी जमलं त्या दुपारी मी सायबर कॅफेत गेलो नाही, आणि पुढं कितीतरी दिवस गेलो नाही.

तेरा वर्षं अशी निघाली. एकेक गाणं धरायचं आणि हातात बसेपर्यंत सोडायचं नाही. त्यांचा ड्रमर डॅनी केरी स्वतः तबला शिकलेला आहे. 'राइट इन टू'मध्ये तो ऐकू येतो. उशीर का झाला म्हणशील, तर कोर्टातला एक दावा 2015 पर्यंत चालला. शिवाय वाजवणारे तिघं आधी वाजवून वाजवून संगीत पक्कं करतात आणि गायक मेनार्ड कीननचे शब्द शेवटी येतात. तो माणूस अॅरिझोनात द्राक्षं लावून वाइन करतो. आपल्या औसा-किल्लारीकडच्या बागायतदारांना विचार, वेलीला कुणी घाई करतं का.

आता तुझा दुसरा प्रश्न. अल्बम आला तो 30 ऑगस्ट 2019 ला, शुक्रवारी, पोळ्याच्या दिवशी. शीर्षकगीत 7 ऑगस्टलाच आलं होतं, दहा मिनिटांचं. मी ते ऐकलं नाही, दाबून ठेवलं. सकाळी अंबाजोगाईत सगळा अल्बम फोनवर उतरवून घेतला आणि गाव गाठलं. आदल्या दिवशी खांदेमळणी झालेली, बैल वेशीतून मिरवून आणले, ओवाळलं, आणि अंधार पडल्यावर मी माळवदावर गेलो. अमावस्या. खाली गोठ्यात घुंगरमाळा अजून बैलांच्या गळ्यातच होत्या. 86 मिनिटांचा अल्बम, मध्ये न थांबता ऐकायचा असं ठरवलं होतं. त्यातलं 'न्यूमा' सुरू असताना वडलांनी खालून हाक मारली, "कामून एकटाच बसलास रे वर? पुरणपोळी निवायलीय." मी ओ दिली नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि सरळ सांगतो, त्या रात्री मला अल्बम आवडला नाही. गाणी लांबच लांब, शब्द उशिरा येतात, आवाज जपून लावलेला. मला दुसरं 'स्किझम' हवं होतं. शेवटाकडचं पंधरा मिनिटांचं 'टेम्पेस्ट' तेवढं भिडलं. खाली येऊन गार पोळी खाल्ली आणि कुणाशी बोललो नाही.

दिवाळीनंतर एका मुलीला रूपक ताल शिकवत होतो, तीन-दोन-दोन, अशा सात मात्रा. ती ठेका धरून बसली होती आणि तिच्या सातावर माझ्या डोक्यात त्या अल्बमचा एक तुकडा आपोआप चालू झाला. या अल्बमभर सातच सात आहेत, हे मला तेव्हा हातातून कळलं. घरी जाऊन पुन्हा पहिल्यापासून लावला. 'न्यूमा' आज मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. तेव्हा नवा अल्बम पहिल्या रात्री आवडला नाही तर तीन महिने त्याच्यावर मत देऊ नको, आणि मित्रांशी वादही घालू नको.

सध्या एवढंच कर. 'न्यूमा' वाजवतानाचा केरीचा 2021 चा व्हिडिओ आहे. त्यात हातांकडे सगळेच बघतात, तू पायांकडे बघ. आधी रूपक टाळीवर पक्का कर. जमला की ये. सेलूहून रेल्वेने परळीला उतरलास की पुढं अंबाजोगाईला एसटी आहे. पखवाज माझ्याकडे आहे, त्याच्या डाव्या बाजूला लावायची कणीक तेवढी ताजी मळावी लागेल.